मोजणीचे स्थलांतर

मुंबईच्या कुलाबा भागातील वेधशाळा इ. स. १८२६ मध्ये स्थापन झाली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन त्यांच्या जागी विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेचा प्रवाह शहरात खेळू लागला म्हणजे वेधशाळेतील नाजूक चुंबकसूची त्या प्रवाहाने विचलित होणार आणि साठ वर्षांहून अधिक काळ जपलेल्या नोंदी पुढे चालविणे अशक्य होणार, हे उघड होते. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळण्यात आले. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. परंतु म्हणून कुलाब्याचे काम त्याच दिवशी बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन्ही स्थळांच्या आकड्यांत किती अंतर पडते, ते अंतर स्थिर राहते की बदलते, हे त्यामुळे पडताळून पाहता आले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. त्या दोन वर्षांच्या दुहेरी श्रमांचे फळ असे की, कुलाबा आणि अलिबाग येथील नोंदी एकच सलग माला समजून शास्त्रज्ञ आजही वापरतात.

मोजण्याचे साधन किंवा स्थळ बदलावे लागले तर काय करावे, ह्याचा हा जुना आणि उत्तम धडा आहे. तो येथे आठवण्याचे कारण असे की, आज लहानमोठ्या असंख्य संस्थांवर नेमका हाच प्रसंग येत आहे. त्यांची वेधशाळा मात्र चुंबकत्व मोजीत नाही. ती माणसांचे वर्तन मोजते.

एखादे वृत्तपत्र संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर वाचले जाते, रेल्वेचे तिकीट घरबसल्या काढले जाते, बँकेचा व्यवहार अ‍ॅपवरून होतो. अशा प्रत्येक वेळी पडद्यामागे एक लहानशी नोंद तयार होते. अमुक क्रमांकाच्या यंत्रावरून, अमुक वेळी, अमुक पान उघडले. नंतर अमुक बटण दाबले. नंतर पैसे भरण्याच्या पानापर्यंत येऊन माणूस परत गेला. ह्या प्रत्येक नोंदीस ‘इव्हेंट’ किंवा घटना म्हणतात. लक्षावधी घटना एकत्र करून त्यांतून अर्थ काढण्याच्या शास्त्रास ‘प्रॉडक्ट अ‍ॅनॅलिटिक्स’, म्हणजे वापराचे विश्लेषण, असे नाव आहे. लोक कोठे अडखळतात, कोणती सोय त्यांना आवडते, एकदा आलेला माणूस आठवड्याने पुन्हा येतो की नाही, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यातून मिळतात. हे काम बहुतेक संस्था स्वतः करीत नाहीत. त्यासाठी तयार सेवा किंवा ‘प्लॅटफॉर्म’ मिळतात. मिक्सपॅनेल २००९ मध्ये निघाली, अ‍ॅम्प्लिट्यूड २०१२ मध्ये, पोस्टहॉग २०२० मध्ये. संकेतस्थळांपुरते पाहावयाचे तर सर्वांत अधिक प्रसार झाला तो गुगल अ‍ॅनॅलिटिक्सचा.

एका सेवेवरून दुसरीकडे जाण्याची कारणे अनेक असतात. कोठे खर्च डोईजड होतो. कोठे नवी सेवा अधिक सोयीची वाटते. कोठे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. कधी कधी संस्थेची तशी इच्छा नसतानाही जावे लागते, कारण जुनी सेवा तिचा मालकच बंद करतो. ह्या शेवटच्या प्रकाराचे अलीकडील सर्वांत मोठे उदाहरण तपशिलाने पाहण्यासारखे आहे.

गुगलने २००५ मध्ये अमेरिकेतील अर्चिन नावाची कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिच्या साधनावर आधारलेली विश्लेषण सेवा सर्वांना विनामूल्य खुली केली. २०१२ मध्ये तिची पुढील आवृत्ती, ‘युनिव्हर्सल अ‍ॅनॅलिटिक्स’, जाहीर झाली. जगभरातील वृत्तपत्रे, विद्यापीठे, दुकाने, सेवाभावी संस्था ह्यांनी तिच्यावर आपली वर्षानुवर्षांची आकडेवारी साठविली. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘गुगल अ‍ॅनॅलिटिक्स ४’ ही निराळ्या पायावर रचलेली सेवा पुढे आली आणि १६ मार्च २०२२ रोजी जुन्या सेवेचा शेवट घोषित झाला. १ जुलै २०२३ पासून जुन्या सेवेच्या विनामूल्य खात्यांत नव्या नोंदी घेणे थांबले. मोबदला देणाऱ्या मोठ्या ग्राहकांना आणखी एक वर्षाची मुदत मिळाली. १ जुलै २०२४ पासून जुनी आकडेवारी पाहण्याची सोयही बंद झाली आणि ती पुसून टाकण्यात आली.

ह्यात पुष्कळांच्या ध्यानात उशिरा आलेली गोष्ट अशी की, जुनी आकडेवारी नव्या सेवेत आपोआप गेलीच नाही. खात्याची काही मांडणी नव्या घरात नेण्याची सोय होती. पण जुन्या वर्षांच्या नोंदी नेण्याची सोय नव्हती. ज्यांनी वेळीच आपले अहवाल उतरवून घेतले, त्यांच्यापाशी निदान सारांश उरला. ज्यांनी ते केले नाही, त्यांचा इतिहास एका दिवसात कोरा झाला. दहा वर्षांपूर्वी पावसाळ्यात वाचक किती असत, कोणत्या लेखमालेमुळे लोक प्रथम आले, टाळेबंदीच्या वर्षात काय घडले, ह्यांचे उत्तर देणारे दप्तरच राहिले नाही. सेवा विनामूल्य होती, हे खरे. परंतु दप्तर दुसऱ्याच्या घरी ठेवले होते आणि त्या घराचे कुलूप दुसऱ्याच्या हाती होते, हे त्या दिवशी कळले.

असे असूनही इतिहास नाहीसा होणे हा ह्या स्थलांतरातील सर्वांत फसवा धोका नव्हे. नाहीसे झालेले निदान दिसते तरी. त्याहून अधिक फसवा धोका असा की, शब्द तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो.

एक उदाहरण घ्यावे. संकेतस्थळांच्या जगात ‘बाउन्स रेट’ हा शब्द सर्वत्र प्रचलित आहे. आलेला वाचक पहिल्याच पानावरून परत फिरला, अशा भेटींचे शेकडा प्रमाण, असा त्याचा स्थूल अर्थ. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनॅलिटिक्समध्ये ज्या भेटीत एकाच पानाची नोंद झाली आणि पुढे दुसरी कोणतीही नोंद झाली नाही, ती भेट ‘बाउन्स’ मानली जाई. एखाद्याने पान उघडून दीर्घ लेख सहा मिनिटे मन लावून वाचला आणि नंतर तृप्त होऊन तो निघून गेला, तरी त्याची गणना परत फिरलेल्यांत होत असे. नव्या सेवेत हा शब्द प्रथम गाळला होता. २०२२ मध्ये तो परत आला, पण निराळा अर्थ घेऊन. तेथे भेट दहा सेकंदांहून अधिक टिकली, किंवा दोन वा अधिक पाने पाहिली गेली, किंवा संस्थेने महत्त्वाची ठरविलेली एखादी घटना घडली, तर ती ‘गुंतलेली’ भेट समजतात. जी तशी नाही, तीच बाउन्स.

आता समजा, एखाद्या मराठी दैनिकाच्या संकेतस्थळावर एका दिवशी १,००० भेटी झाल्या. त्यांपैकी ७०० भेटींत वाचकाने एकच पान पाहिले. जुन्या हिशेबाने बाउन्सचे प्रमाण शेकडा ७०. त्या ७०० पैकी ४५० वाचक दहा सेकंदांहून अधिक काळ पानावर थांबले होते. नव्या हिशेबाने ते परत फिरलेले नव्हेत; उरले २५०, म्हणजे शेकडा २५. वाचक तेच, लेख तेच, दिवसही तोच. आकडा मात्र ७० वरून २५ वर आला. ज्याला हा भेद ठाऊक नाही असा व्यवस्थापक दोन्ही वर्षांचे आलेख शेजारी ठेवून म्हणेल की, नव्या मांडणीमुळे वाचक खिळून राहू लागले. त्याबद्दल कोणाला शाबासकी मिळेल. उलट दिशेने चूक झाली तर कोणाचे सदर बंद होईल, कोणाची नोकरी जाईल. आकडा निर्जीव असतो, पण त्याच्या आधारे घेतलेले निर्णय जिवंत माणसांवर पडतात. म्हणूनच ही केवळ यंत्रज्ञांची बाब राहत नाही.

हाच प्रकार ‘सेशन’ ह्या शब्दाचा. सेशन म्हणजे एक बैठक, एक भेट. दोन्ही सेवांत अर्धा तास काहीच हालचाल झाली नाही तर भेट संपली, असे सामान्यतः मानतात. परंतु जुन्या सेवेत मध्यरात्र झाली की भेट तोडली जात असे. नवीत तसे नाही. रात्री ११ वाजून ५० मिनिटांनी वाचावयास बसलेला माणूस १२ वाजून १० मिनिटांनी उठला, तर जुन्या वहीत त्याच्या दोन भेटी आणि नव्या वहीत एक. वाचक जाहिरातीच्या निराळ्या दुव्यावरून पुन्हा आत आला, तरीही जुनी सेवा नवी भेट धरी. नवी सेवा धरीत नाही. ‘वापरकर्ते’ म्हणून जो आकडा अहवालात ठळकपणे दाखविला जातो, तो जुन्या सेवेत एकूण वापरकर्त्यांचा असे, नव्या सेवेत सक्रिय वापरकर्त्यांचा असतो. एखादे उद्दिष्ट, उदाहरणार्थ वर्गणीचा अर्ज भरणे, जुन्या सेवेत एका भेटीत एकदाच मोजले जाई; नवीत आरंभी ते जितक्या वेळा घडेल तितक्या वेळा मोजले जात होते, आणि भेटीमागे एकदाच मोजण्याचा पर्याय नंतर देण्यात आला.

भारतीय वाचकांना अशा अर्थांतराचा एक अनुभव आहे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे चौसष्ट पैसे होत. त्या दिवसापासून शंभर होऊ लागले. दोन्ही नाणी काही काळ एकत्र चालणार होती. तेव्हा सरकारने नव्या नाण्यास केवळ ‘पैसा’ म्हटले नाही, ‘नया पैसा’ म्हटले. जुन्याची सवय सुटल्यावर, १९६४ मध्ये, ‘नया’ हा शब्द गाळण्यात आला. वस्तू बदलली तर तिचे नावही बदलावे, निदान लोकांच्या मनात दोहोंची गल्लत होण्याचा संभव असेपर्यंत तरी बदलावे, हा विवेक त्यामागे होता. विश्लेषणाच्या सेवा हा विवेक नेहमी पाळत नाहीत. म्हणून तो स्थलांतर करणाऱ्या संस्थेलाच पाळावा लागतो.

शब्दांच्या पाठोपाठ ओळखीचा प्रश्न येतो. एक गृहिणी दुपारी भ्रमणध्वनीवर साड्यांचे दुकान पाहते. त्या वेळी तिने आपले नाव सांगितलेले नसते. सायंकाळी ती घरच्या संगणकावर नाव नोंदवून साडी विकत घेते. दुपारची अनामिक आणि सायंकाळची ग्राहक एकच, हे सेवेला केव्हा कळते? तीच स्त्री पुढे भ्रमणध्वनीवरही आपल्या खात्यात प्रवेश करील, तेव्हा दोन्ही क्रमांक जोडता येतात. परंतु जोडल्यावर दुपारची जुनी नोंदही तिच्या नावावर वळवावयाची की नाही, ह्याचे नियम प्रत्येक सेवेत वेगळे असतात. एका सेवेत ती एकच व्यक्ती ठरते, दुसरीत दोन. स्थलांतराच्या दिवशी ग्राहकांची संख्या एकाएकी वाढली किंवा घटली असे दिसले, तर दुकानाच्या भरभराटीचा विचार करण्यापूर्वी ओळख जोडण्याचा नियम पाहणे शहाणपणाचे ठरते.

घड्याळाचाही प्रश्न आहे. काही सेवा दिवसाची गणना जागतिक प्रमाणवेळेने करतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे पाच वाजता उठून ज्याने वृत्तपत्राचे पान उघडले, त्याची नोंद अशा सेवेत आदल्या दिवसाच्या रात्री साडेअकराची होते. ज्या वृत्तपत्राचे वाचक पहाटेस बहुसंख्येने येतात, त्याच्या रविवारच्या अंकाचे श्रेय त्यामुळे अंशतः शनिवारला मिळते. जुन्या सेवेत भारतीय वेळ निवडलेली असेल आणि नवीत ती निवडावयाचे राहून गेले असेल, तर महिन्याची बेरीज जवळजवळ जुळते आणि रोजचा एकही आकडा जुळत नाही. कारण कळेपर्यंत माणसे चक्रावून जातात.

असे हे काम निर्दोष रीतीने पार पाडावयाचे तर त्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा लागतो.

पहिली पायरी झाडाझडतीची. आठ-दहा वर्षे चाललेल्या अ‍ॅपमध्ये शेकडो घटना नोंदल्या जात असतात. त्यांतील काही घटना अशा असतात की, त्या कोणी आणि कशासाठी सुरू केल्या हे आज कोणासच सांगता येत नाही. एकच गोष्ट तीन नावांनी नोंदली जात असल्याचेही आढळते. अशा वेळी प्रत्येक नोंदीसमोर एकच प्रश्न मांडावा: हा आकडा पाहून गेल्या वर्षभरात कोणी कोणता निर्णय घेतला? उत्तर नसेल तर ती नोंद नव्या घरी नेण्याचे कारण नाही. घर बदलताना अडगळही बरोबर नेली, तर नवे घर पहिल्याच दिवशी जुने होते.

दुसरी पायरी कोशाची. उरलेल्या प्रत्येक घटनेचे एक नाव, एक व्याख्या, ती नेमकी कोणत्या क्षणी नोंदली जाते ह्याचे वर्णन, आणि तिच्यासोबत जाणारे तपशील, हे साध्या भाषेत लिहून ठेवावे लागते. ‘खरेदी’ ही घटना बटण दाबताच नोंदावयाची की बँकेकडून पैसे मिळाल्याचा निरोप आल्यावर? ह्या दोन क्षणांत काही सेकंदांचे अंतर असले, तरी फसलेल्या व्यवहारांचा सारा हिशेब त्या अंतरात दडलेला असतो. जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनॅलिटिक्समध्ये घटनेचे वर्णन वर्ग, कृती आणि खूण अशा तीन ठरावीक रकान्यांत करावे लागे. नव्या सेवेत घटनेला एक नाव आणि तिच्यासोबत पंचवीसपर्यंत तपशील जोडता येतात. तीन रकान्यांतील मजकूर जसाच्या तसा उचलून नव्या साच्यात ओतला तर नव्या रचनेचा लाभ मिळत नाही. प्रत्येक नोंदीचा विचार पुन्हा करावा लागतो, आणि त्या विचाराची नोंद म्हणजेच हा कोश.

तिसरी पायरी स्वातंत्र्याची. अ‍ॅपच्या शेकडो ठिकाणांहून थेट एका विशिष्ट सेवेस हाक मारलेली असेल, तर सेवा बदलताना शेकडो ठिकाणी दुरुस्ती करावी लागते. त्याऐवजी मध्ये स्वतःचे एक लहानसे टपालघर ठेवावे. सर्व नोंदी त्या टपालघरात याव्यात आणि पुढे कोणत्या सेवेकडे धाडावयाच्या हे तेथेच ठरावे. मग उद्या सेवा बदलली, किंवा एकाच वेळी दोन सेवांकडे नोंदी पाठवावयाच्या झाल्या, तर बदल एकाच ठिकाणी होतो.

चौथी पायरी अलिबागची, म्हणजे दुहेरी नोंदीची. जुनी आणि नवी सेवा काही काळ शेजारी शेजारी चालवावी. हा काळ किती असावा हे व्यवसायावर अवलंबून आहे. पण आठवड्याचे सर्व वार, महिन्याची सुरुवात आणि अखेर, आणि शक्य तर एखादा सणासुदीचा हंगाम त्यात यावा. खर्च दुप्पट होतो, म्हणून पुष्कळ संस्था ह्या पायरीवर काटकसर करतात आणि पुढे वर्षभर तिची किंमत देतात. ह्या काळात दोन्ही आकडे तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा धरणे चूक आहे. व्याख्या भिन्न असल्यावर ते जुळणारच नाहीत. पाहावयाचे असते ते दोन गोष्टींसाठी: अंतर का पडते ह्याचे कारण सांगता येते का, आणि ते अंतर दिवसामागून दिवस साधारण सारखे राहते का. कारण कळलेले आणि स्थिर असलेले अंतर निरुपद्रवी असते. आज शेकडा ४ आणि उद्या शेकडा १९ असे हेलकावे खाणारे अंतर असेल, तर कोठे तरी नोंद गळते आहे किंवा दोनदा पडते आहे, असे समजून शोध घ्यावा लागतो.

ह्या तुलनेत तिसरा साक्षीदार असणे अत्यंत उपयुक्त ठरते. दुकानाची स्वतःची विक्रीची खतावणी, बँकेत जमा झालेली रक्कम, वर्गणीदारांची यादी, ह्या गोष्टी विश्लेषण सेवेवर अवलंबून नसतात. जुनी सेवा म्हणते ९४० मागण्या, नवी म्हणते ९७०, आणि खतावणी म्हणते १,०००, तर नवी सेवा खऱ्याच्या अधिक जवळ आहे आणि दोन्ही काही नोंदी गमावीत आहेत, हे कळून येते. जाहिराती रोखणारी साधने वापरणाऱ्यांच्या नोंदी अशा सेवांपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे खतावणीपेक्षा आकडा थोडा कमी असणे हे दोषाचे लक्षण नव्हे. तो अधिक आला, तर मात्र काळजीचे कारण आहे.

पाचवी पायरी इतिहासाची. मिक्सपॅनेल, अ‍ॅम्प्लिट्यूड, पोस्टहॉग अशा सेवांत जुन्या घटना त्यांच्या मूळ तारखेसह आत घेण्याची सोय असते. त्यासाठी जुन्या सेवेतून एकेका घटनेची मूळ नोंद मिळवावी लागते. केवळ महिन्याच्या बेरजा पुरत नाहीत. प्रत्येक नोंदीसोबत कोण, काय आणि केव्हा हे असावेच लागते, शिवाय तिचा स्वतःचा असा एक क्रमांक असावा लागतो. मोठी आयात अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा सुरू करावी लागते, हा नेहमीचा अनुभव. क्रमांक नसेल तर त्याच नोंदी दोनदा शिरतात आणि मागील वर्षाची विक्री कागदावर दुप्पट होते. प्रथम एका आठवड्याच्या नोंदी नेऊन बेरजा ताडून पाहाव्या आणि मग सर्व भांडार हलवावे. जेथे मूळ नोंदी मिळतच नाहीत, तेथे सारांश तरी साध्या तक्त्याच्या स्वरूपात स्वतःपाशी ठेवावा. २००७ मध्ये सुरू झालेली आणि २०१८ पासून माटोमो ह्या नावाने ओळखली जाणारी मुक्त स्रोताची सेवा गुगल अ‍ॅनॅलिटिक्समधील जुने अहवाल आयात करू शके. पण तीही अहवालच घेई, मूळ घटना नव्हे.

भविष्यासाठीही ह्यात एक सूचना आहे. गुगल अ‍ॅनॅलिटिक्स ४ च्या विनामूल्य खात्यात घटनांचा बारीक तपशील मूळ योजनेप्रमाणे दोन महिनेच राहतो. मालकाने पर्याय बदलल्यास चौदा महिने. मात्र हाच तपशील बिगक्वेरी नावाच्या भांडारात रोज उतरविण्याची सोय त्या सेवेत आहे, आणि ती पूर्वी केवळ पैसे देणाऱ्या ग्राहकांनाच होती. ही सोय सुरू केल्याच्या दिवसापासून लागू होते, मागील दिवस ती आणून देत नाही. ज्याने ती पहिल्या दिवशी सुरू केली, त्याचे दप्तर त्याच्या हाती आहे.

स्थलांतराचा आणखी एक पैलू नीतीचा आणि कायद्याचा आहे. युरोपात २०२२ मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि इटली येथील माहितीसंरक्षक अधिकाऱ्यांनी, गुगल अ‍ॅनॅलिटिक्समुळे नागरिकांची माहिती अमेरिकेत ज्या प्रकारे जात होती, तो प्रकार नियमबाह्य ठरविला. पुढे जुलै २०२३ मध्ये युरोप व अमेरिका यांच्यात माहितीच्या देवघेवीची नवी चौकट मान्य झाली. पण दरम्यान अनेक संस्थांनी आपल्याच संगणकावर चालविता येणाऱ्या सेवा पत्करल्या. भारतातही २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. स्थलांतर करणाऱ्यास ह्यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. एखाद्या ग्राहकाने आपली माहिती पुसून टाकण्याची विनंती केली असेल आणि जुन्या सेवेतून ती पुसलीही असेल, तर कोठे तरी राहिलेल्या जुन्या प्रतीतून ती नव्या सेवेत पुन्हा जिवंत होऊ नये. हलविण्यापूर्वी अशी यादी ताडून पाहणे हे हिशेबाइतकेच आवश्यक आहे. तसेच जी माहिती पूर्वी विनाकारण गोळा केली जात होती, ती सोडून देण्याची स्थलांतर ही उत्तम संधी असते.

शेवटची पायरी सर्वांत सोपी आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी आहे. ज्या दिवशी नव्या सेवेचे आकडे अधिकृत मानले गेले, त्या दिवशी प्रत्येक आलेखावर एक उभी रेघ ओढावी आणि तिच्याशेजारी लिहावे की, येथून मापन बदलले आहे. मागचे आणि पुढचे आकडे थेट जोडून वाढ किंवा घट सांगू नये. सांगावयाचीच तर दुहेरी नोंदीच्या काळात सापडलेले अंतर लक्षात घेऊन सांगावी. स्थलांतर करणारी माणसे दोन वर्षांनी दुसऱ्या नोकरीवर गेलेली असतात. नंतर येणाऱ्याला तो आलेख पाहून त्या महिन्यात जगात काही तरी भयंकर किंवा अद्भुत घडले असे वाटू नये, एवढ्यासाठी ती रेघ.

कुलाब्याच्या जुन्या नोंदी आजही उपयोगी पडतात. सूर्यावरील वादळांचा पृथ्वीच्या चुंबकत्वावर होणारा परिणाम अभ्यासणाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वीचे आकडे हवे असतात, आणि ते त्यांना मिळतात. १९०४ मध्ये अलिबागला नवी उपकरणे मांडणाऱ्यांना पुढच्या काळात कोण कोणता प्रश्न विचारील हे ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांनी एवढेच पाहिले की, कालचा आकडा आणि उद्याचा आकडा ह्यांच्यातील दुवा तुटू नये. भ्रमणध्वनीवरील एका लहान अ‍ॅपची आकडेवारी पृथ्वीच्या चुंबकत्वाइतकी गहन नाही, हे खरे. तरीही तिच्या आधारे कोणाच्या श्रमांचे मोल ठरते, कोणती सोय राहते आणि कोणती जाते, हे ठरते. ज्याला हे मोल प्रामाणिकपणे ठरवावयाचे आहे, त्याने नवी मोजणी सुरू करताना जुनी लगेच थांबवू नये, आणि आपले दप्तर आपल्या घरी ठेवावे.